उद्याचा गडी कसा पारखावा?



या व्यासपीठावर वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत नाना विषयांची चर्चा होते. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच पोरखेळाचा आहे, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. वाटले असल्यास त्यात आपली चूक नाही. विषय खरोखरीच खेळाचा आहे. परंतु घरात सून आणताना, कारखान्यात कारागीर घेताना किंवा शाळेत शिक्षक नेमताना जो प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो, तोच प्रश्न खेळाच्या मैदानावर अधिक उघडावाघडा दिसतो, आणि त्याचे उत्तर चुकले की महिन्या-दोन महिन्यांत सर्वांना कळते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

त्याचे निमित्त असे झाले. माझा पुतण्या महाविद्यालयात बास्केटबॉल खेळतो. एके दिवशी तो एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आमच्याकडे एक नवा फॉरवर्ड येतो म्हणतोय. उंच आहे, सामन्याला पंधरा-वीस गुण करतो. पुढल्या दोन वर्षांचा संघ त्याच्याभोवती उभा करावा, असं आम्हां सगळ्यांना वाटतंय. तुमचं काय मत?" कागदावर त्या मुलाने केलेल्या गुणांची जंत्री होती. मी ती वाचली आणि एवढेच विचारले, "तो आला म्हणजे तुमच्यातला बाहेर कोण बसणार? आणि चेंडू त्याच्या हातात असेल तेव्हा बाकीचे चौघे काय करणार?" पुतण्या गप्प बसला. मग म्हणाला, "हे कागदावर नाही, काका." जे कागदावर नसते त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. प्रारंभी एका बाजूला नऊ गडी असत. पुढे पाच झाले. या पाचांत फॉरवर्ड म्हणजे आघाडीचा गडी. टोपलीजवळ जाऊन गुण करणे हे त्याचे उघड काम. पण प्रतिपक्षाच्या गड्याला अडविणे, टोपलीवरून परतलेला चेंडू उचलणे, सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणे, ही त्याची कामे तितकीच मोठी आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी गुणफलकावर चढतच नाहीत.

याचे नावाजलेले उदाहरण म्हणजे शेन बॅटियर हा अमेरिकन फॉरवर्ड. २००६ साली ह्यूस्टन रॉकेट्स या संघाने त्याला मेम्फिसकडून घेतला, आणि त्याच्या बदल्यात रूडी गे हा नुकताच निवडलेला, अंगाने व गुणाने चमकदार तरुण देऊन टाकला. लोकांनी कपाळाला हात लावला. बॅटियर फारसे गुण करीत नसे, फार उंच उडी मारीत नसे. परंतु तो मैदानावर असताना आपला संघ किती गुणांनी पुढे जातो आणि तो बाहेर बसला म्हणजे किती मागे पडतो, असा वेगळाच हिशेब ह्यूस्टनच्या चालकांनी मांडला होता. त्या हिशेबात बॅटियर वर येत होता. प्रतिपक्षातल्या सर्वांत धोकादायक गड्याला त्याच्या नावडत्या जागेवरून चेंडू फेकावयास लावणे, हे त्याचे कसब होते. २००८ साली याच संघाने लागोपाठ बावीस सामने जिंकले. पुढे मायामी संघाबरोबर २०१२ आणि २०१३ अशी दोन विजेतेपदेही बॅटियरला मिळाली. तो कोणत्याही संघाचा राजा नव्हता; पण राजांना त्याची गरज होती.

आता अमेरिका सोडून आपल्या अंगणात येऊ. ज्या खेळाला आपण लहानपणी हुतुतू म्हणत होतो आणि आता कबड्डी म्हणतो, त्या खेळात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. का, ते सांगतो. बास्केटबॉलमध्ये एखाद्याने चेंडू वाया घालवला, तर तो गडी मैदानावरच राहतो. कबड्डीत चुकलेला गडी बाद होऊन बाहेर जातो, आणि आपल्यापैकी कोणीतरी गुण मिळवीपर्यंत त्याला परत येता येत नाही. म्हणजे एकाच्या उतावीळपणाचा दंड मागे राहिलेल्या सहांना भरावा लागतो. सात गडी असतात तेव्हा दोन कोपरे, त्यांच्या आतल्या बाजूचे मध्यरक्षक आणि इतर अशी एक साखळी बनते. कोपऱ्यावरच्याने घोटा धरावयाचा आणि त्याच क्षणी शेजारच्याने अंग टाकून वाट बंद करावयाची. कोपऱ्यावरचा अर्धा क्षण आधी गेला, तर एकटा पडतो. शेजारचा अर्धा क्षण उशिरा गेला, तर चढाई करणारा मध्यरेषा गाठतो. दोघेही उत्तम असून जोडी वाईट, असे येथे नित्य घडते.

त्यात व्यावसायिक लीगचे नियम आणखी पीळ घालतात. चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. समोर सहा किंवा अधिक गडी असले तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. आणि तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. यामुळे दर संघाला एक असा गडी लागतो की जो पहिल्या दोन चढायांत शांत राहून तिसरीत जिवावर उदार होईल. एक असा की जो सहा जणांच्या गर्दीत बोनस चोरून आणील. आणि एक असा की जो तीनच गडी उरले असता धीर सोडणार नाही. ही सगळी कामे एकच गडी करू शकत नाही. म्हणून "हा गडी चांगला आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणत्या कामासाठी, कोणाच्या शेजारी आणि किती दिवस?" असे विचारले म्हणजे प्रश्न पुरा होतो.

आता आपल्या गावच्या संघाची कथा पाहू. प्रो कबड्डी लीग २०१४ च्या जुलैमध्ये सुरू झाली. पुणेरी पलटण त्या वर्षी आठ संघांत आठवी आली, आणि दुसऱ्या वर्षीही आठवीच आली. पुण्यासारख्या शहराला हे जरा लाजिरवाणेच होते. जेथे १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला, १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ उभे राहिले, आणि जेथल्या पेठापेठांतून हुतुतूची मैदाने गाजली, त्या गावाचे नाव तळाशी! पुढे पलटण सुधारली, वर चढली, पुन्हा घसरली. परंतु तिने खरे वळण घेतले ते आठव्या हंगामात. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा हंगाम साथीमुळे बंगळुरात प्रेक्षकांविना खेळला गेला.

त्या हंगामात पलटणीने नितीन तोमर आणि राहुल चौधरी असे दोन नामांकित चढाईपटू जवळ केले होते. राहुल चौधरीचे नाव तर या लीगच्या पहिल्या वर्षापासून मुलांच्या तोंडी होते. परंतु हंगाम जसजसा पुढे सरकला तसतसा चढाईचा भार दोन नवख्या पोरांच्या खांद्यावर आला. एक आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. दोघेही नवोदित म्हणून संघात आलेले, लिलावात मोठी बोली न लागलेले. पलटण बाद फेरीपर्यंत पोहोचली आणि तेथे हरली. पण चालकांना एक गोष्ट कळून चुकली असावी, निदान त्यांच्या पुढील वागण्यावरून तसे दिसते. ती ही, की उद्याचा संघ या पोरांचा आहे.

येथे एक धडा आहे. जुना नामवंत गडी आणि नवा होतकरू गडी यांची तुलना करताना आपण एकाचा गतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ यांची तुलना करीत असतो. खरी तुलना दोघांच्या भविष्यकाळाची करावयास हवी. पंचविशीच्या आतल्या गड्याचे पुढचे तीन हंगाम आणि तिशी ओलांडलेल्याचे पुढचे तीन हंगाम यांत गुडघ्यांचा, कंबरेचा आणि श्वासाचा फार फरक असतो. मात्र हा नियम आंधळेपणाने पाळावयाचा नाही. तो कोठे फसतो ते मी पुढे सांगणारच आहे.

नवव्या हंगामापूर्वी, २०२२ साली, पलटणीने दुसरे पाऊल उचलले. चढाईला पोरे होती. बचावाला कणा नव्हता. म्हणून इराणचा फाझल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा मातबर बचावपटू १ कोटी ३८ लाख रुपये देऊन आणला आणि त्याला कर्णधार केले. रिकामी जागा नेमकी ओळखून तेथेच पैसा टाकला. पलटण प्रथमच अंतिम सामन्यात गेली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने तिला ३३ विरुद्ध २९ असे हरविले. चार गुणांचे अंतर.

आणि मग पलटणीने एक धाडस केले. ज्या कर्णधाराने अंतिम सामन्यापर्यंत नेले त्यालाच मोकळे केले. १९९२ साली जन्मलेला फाझल त्या वेळी तिशी ओलांडून गेला होता. त्याला गुजरातने १ कोटी ६० लाखांना घेतले. त्याच जागेसाठी पलटणीने मोहम्मदरेझा शादलुई हा दुसरा इराणी गडी घेतला. वयाने आठ वर्षांनी लहान. पकड करणारा, पण वेळ पडल्यास चढाईलाही जाणारा. किंमत २ कोटी ३५ लाख! संघाचा सगळ्या गड्यांवरचा खर्च त्या वर्षी ५ कोटींच्या आत बसवावयाचा होता. म्हणजे निम्म्याच्या जवळपास पैसा एका माणसावर, आणि उरलेल्यात अठरा-वीस जणांची सोय! घरात एवढ्या खर्चाची खरेदी कोणी केली असती, तर घरच्या मंडळींनी त्याला जेवू घातले नसते.

परंतु ही खरेदी परवडली कशी, ते पाहा. अस्लम आणि मोहित यांच्यासारखी पोरे नवोदित म्हणून लहानाची मोठी झाली होती; त्यांना बाजारभावाने विकत घ्यावे लागले नव्हते. स्वतःच्या शेतातले धान्य घरात असले म्हणजे माणूस एखादे वर्ष सोने घेऊ शकतो. धान्यच बाजारातून आणावे लागत असेल, तर सोने घेणाऱ्याची उपासमार ठरलेली. शादलुई हा पलटणीच्या घडणीचा पर्याय नव्हता. त्या घडणीने वाचवलेल्या पैशातून तो आला होता.

आणखी एक योग पाहण्यासारखा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. वादावादीने तो बराच वेळ थांबला होता. शेवटी भारताने ३३ विरुद्ध २९ असा जिंकला. अस्लम भारताच्या संघात होता, शादलुई इराणच्या. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि हे दोघे एका संघाचे झाले. डिसेंबरात ते एका बाजूने उभे राहिले. अस्लम कर्णधार, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक किमतीचा गडी त्याच्या हाताखाली. येथे नुसते कसब कामाला येत नाही. स्वभावही पारखावा लागतो. ज्याला दुसऱ्याच्या हाताखाली खेळता येत नाही, तो कितीही मोठा असला तरी त्याला घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

निकाल आपणांस ठाऊकच आहे. दहाव्या हंगामात पलटणीने साखळीतील बावीस सामन्यांपैकी सतरा जिंकले, तीन बरोबरीत सोडविले, दोनच गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८ विरुद्ध २५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात अडचणीच्या वेळी एका चढाईत चार गुण मिळविणारा पंकज मोहिते हा आपलाच मराठी गडी, आणि उजव्या कोपऱ्यावर चिवटपणे उभा राहिलेला तरुण गौरव खत्री. सर्वांत महागडा गडी आणि अंतिम सामन्याचे नायक हे एकच नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महागड्याच्या धाकाने प्रतिपक्ष दुसऱ्या बाजूला वळतो आणि तेथे उभा असलेला स्वस्त गडी पकड करतो. ती पकड नावावर एकाची चढते; पण तीत भागीदारी दोघांची असते.

येथे कथा संपविली असती तर ती गोड झाली असती. परंतु मी आपल्यासमोर वकिली करण्यास उभा नाही. पुढचेही सांगितले पाहिजे. पुढल्या लिलावात शादलुई पलटणीकडून गेला. त्याला घेतले कोणी? ज्यांना पलटणीने हरविले होते त्या हरियाणानेच, २ कोटी ७ लाखांना. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२ विरुद्ध २३ असे हरवून विजेतेपद पटकावले. कोठे? आपल्या बालेवाडीत! हंगामातील सर्वांत मोलाचा गडी म्हणून शादलुईचाच गौरव झाला. पलटण त्या वर्षी आठवी आली. पहिल्या सहांतही नाही.

तेव्हा "पाहा, पलटण म्हणजे शादलुई होता, तो गेला, सगळे गेले" असे म्हणणारे पुष्कळ भेटले. आपणांपैकीही काहींनी म्हटले असेल. युक्तिवाद मोठा सरळ दिसतो. परंतु दिसते तसे नसते. त्याच हंगामात कर्णधार अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला, ही गोष्ट त्या युक्तिवादात सोयीस्करपणे गळते. दोन खांब निघाले असता छप्पर एकाच खांबामुळे पडले असे म्हणणे न्यायाचे नव्हे.

आणि पुढच्या वर्षाने तर या युक्तिवादाची परीक्षाच घेतली. बाराव्या हंगामासाठी शादलुईला गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतले. गडी तोच, अंगातले बळ तेच, वय अवघे पंचवीस. परंतु गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. उलट पलटण, अस्लमच्या नेतृत्वाखाली आणि अजय ठाकूर या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, गुणतक्त्यात अग्रस्थानी आली आणि चार हंगामांत तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचली. एकच गडी दोन संघांना विजयी करतो आणि तिसऱ्याला तळातून वर काढू शकत नाही. म्हणजे विजय त्या गड्यात नव्हता, आणि त्याच्याविनाही नव्हता. तो होता गडी आणि त्याची जागा यांच्या मेळात. पुण्यात आणि हरियाणात कोपऱ्याच्या आत भक्कम मध्यरक्षक होते; त्याची उडी चुकली तर मागे सावरणारे कोणी होते. चंदन उगाळावयाचे तर सहाणही लागते.

हीच गोष्ट पवन सेहरावत याच्या बाबतीत दिसली. २०२२ साली तमिळ थलैवाज संघाने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. सर्वांनी त्या संघाचे तेरावे घातले. परंतु नरेंदर नावाचा एक नवखा पोरगा पुढे झाला आणि संघ उपांत्य सामन्यापर्यंत गेला. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सनी पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले. तो स्वतः दोनशेच्या घरात गुण मिळवून गेला. पण संघ बावीसपैकी दोनच सामने जिंकून बाराव्या क्रमांकावर राहिला. पवनच्या खेळात खोट नव्हती. खोट होती त्याच्याभोवतीच्या हिशेबात.

आता मी मघाशी कबूल केले होते की वयाचा नियम कोठे फसतो ते सांगेन. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात पलटण ३१ विरुद्ध २८ अशी हरली. हरविले दबंग दिल्लीने. आणि दिल्लीच्या बचावात कोण उभा होता? तोच फाझल अत्राचली, ज्याला पलटणीने तिशीला मोकळे केले होते! तेहेतिसाव्या वर्षी त्याने पलटणीच्याच समोर विजेतेपद मिळविले. तेव्हा पलटणीचा निर्णय चुकला काय? मी म्हणेन, नाही. त्याला सोडल्यावर पलटणीने पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळविले होते. परंतु "तिशी झाली की गडी संपला" असे जर कोणी म्हणत असेल, तर ते मात्र साफ चूक आहे. चढाईपटूचे पाय आधी थकतात. कोपऱ्यावरच्याची नजर वयाबरोबर धारदार होते. एका संघाच्या दृष्टीने ज्याचा उद्या संपला, त्याचा दुसऱ्या संघात तीन वर्षे पुरेल इतका उद्या शिल्लक असू शकतो.

तेव्हा उद्याचा गडी पारखताना काय पाहावे? मी चारच गोष्टी सांगतो. पहिली, आपली कोणती जागा रिकामी आहे, हे बाजारात जाण्यापूर्वी ठरवावे. बाजारात गेल्यावर ठरविणारा जे चकाकते तेच घेऊन येतो. दुसरी, तो आल्यावर त्याच्या उजव्या-डाव्या हाताचा गडी अधिक चांगला खेळतो की अंग चोरतो, हे पाहावे. तिसरी, त्याच्यासाठी जी किंमत मोजावयाची, त्यात पैसा तर येतोच, पण ज्या पोराला त्यामुळे संधी मिळणार नाही ते पोरही येते. त्याची किंमत लिलावाच्या फलकावर लिहिलेली नसते. आणि चौथी, एका अंतिम सामन्यावरून सगळ्या निवडीचा निवाडा करू नये. चार गुणांनी हरलेला संघ, तीन गुणांनी जिंकलेला संघ आणि तीन गुणांनी हरलेला संघ हा या कथेत एकच संघ आहे. तीन गुण म्हणजे एखाद्याची बोटे रेषेला लागली की नाही, एवढाच प्रश्न असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, "तुम्ही कोट्यवधींच्या संघाच्या गोष्टी सांगता. आमच्या पेठेच्या मंडळाला त्याचे काय?" त्याला उत्तर म्हणून मी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो.

पस्तीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठेतल्या एका मंडळाचा संघ निवडावयाचा होता. निवड समितीत आम्ही तिघे होतो. त्यांत सर्वांत चिकित्सक म्हणून माझी ख्याती. मी प्रत्येक मुलाच्या पकडी आणि चढाया वहीत मांडून ठेवीत असे. बारा जागा होत्या, अकरा भरल्या होत्या. बाराव्या जागेसाठी दोन मुले होती. एक धिप्पाड चढाईपटू, मैदानात उतरला की टाळ्या घेणारा. दुसरा उजव्या कोपऱ्यावर उभा राहणारा एक हडकुळा मुलगा. वहीत त्याच्या नावापुढे हंगामभरात जेमतेम पाच-सात पकडी. मी वही पुढे केली आणि म्हणालो, "याच्यात घेण्यासारखं काय आहे?" कोणी काही बोलले नाही. धिप्पाड मुलगा निवडला गेला.

वर्षाच्या आत त्याला मुंबईत नोकरी लागली आणि तो निघून गेला. त्यात त्याचा दोष नाही. पोटापुढे खेळ कोठला? पण आमचा उजवा कोपरा त्या वर्षी चाळणीसारखा गळू लागला. प्रत्येक संघाचा चढाईपटू त्याच बाजूने यायचा आणि गुण घेऊन जायचा. तेव्हा मी जुनी वही काढून बसलो आणि मला जे पूर्वीच दिसावयास हवे होते ते दिसले. तो हडकुळा मुलगा उभा असे त्या सामन्यांत उजव्या बाजूने चढाया येतच नसत. तो पकडी करीत नव्हता, कारण त्याच्याकडे जाण्याची कोणाची छाती नव्हती. माझ्या वहीत झालेल्या गोष्टींना रकाना होता. न होऊ दिलेल्या गोष्टींना नव्हता.

मी त्याला शोधीत गेलो. तो एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढीत होता. मी म्हटले, "अरे, उद्यापासून मैदानावर ये." त्याने हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे कोठून येतात ते पाहत म्हणाला, "काका, तेव्हा बोलावलं असतंत तर आलो असतो. आता दुकान आठला बंद होतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

त्या मुलाकडून एखादे राष्ट्रीय पदक हुकले, असा माझा दावा नाही. तो कदाचित पेठेच्या पलीकडे गेलाही नसता. परंतु रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांतून खेळाच्या जोरावर नोकऱ्या मिळालेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ते दार त्याच्यासाठी उघडले असते की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते सांगता येऊ नये अशी व्यवस्था माझ्या वहीने करून ठेवली. मोठ्या संघाचा निर्णय चुकला, तर गडी दुसरीकडे जातो. शादलुई गेला, फाझल गेला, दोघांनाही विजेतेपदे मिळाली. पेठेतल्या मंडळाचा निर्णय चुकला, तर गडी घरी जातो. त्याला घेणारा दुसरा संघ नसतो. म्हणून पारखण्याची खरी जबाबदारी कोट्यवधींच्या लिलावापेक्षा शाळेच्या आणि मंडळाच्या मैदानावर अधिक आहे.

माझ्या पुतण्याच्या त्या फॉरवर्डचे काय झाले, असे आपण विचाराल. त्यांनी त्याला घेतला. मात्र घेण्यापूर्वी त्याला चार सामने सगळ्यांबरोबर खेळविले, आणि या वेळी कागदावर त्याच्या गुणांखेरीज आणखी एक रकाना केला: तो मैदानावर असताना बाकीच्या चौघांनी काय केले. कोणाला बाहेर बसविले, हेही त्याच कागदावर लिहिले, आणि त्या मुलाला जवळ बोलावून कारण सांगितले. पुतण्या म्हणाला, "काका, ते सांगणंच सगळ्यांत जड गेलं." मी म्हटले, "जड जायलाच हवं."